आय कीप हिम वेल

बेडशात अंबाजीच्या दारात दर वर्षी एक बोकड वाढायचा आणि तो कधीच अंबाजीचा नसायचा. तो असायचा लोणावळ्याच्या रज्जाकचाचांचा, चिक्कीच्या दुकानवाल्यांचा. बकरी ईद झाली की तिसऱ्या दिवशी चाचा डबा घेऊन बेडशाला येत, अंबाजीच्या शेरडांतलं एखादं करडू निवडत, राखण करणाऱ्याच्या हातून त्याच्या गळ्यात हिरवा दोरा बांधून घेत आणि वर्षभरासाठी तिथंच ठेवून जात. आदल्या दिवशी बाजारातून आणलेलं जनावर द्यायचं, यात आपलं काय गेलं, असं त्यांचं म्हणणं. ज्याला आपल्या हातानं चारलं, ज्याचा लळा लागला, तेच द्यायचं असतं. पण दुकानामागच्या दोन खोल्यांत बोकड वर्षभर बांधणार कुठे? म्हणून बेडसे. दर रविवारी चाचा येऊन चार पानं खाऊ घालून जात, बाकीची राखण अंबाजीच्या घरची.

ही राखण ते घर इतकी वर्षं करत होतं की अंबाजीची बायको रतनबाई हिला कुर्बानीच्या जनावराचे नियम अगदी तोंडपाठ झाले होते. "कान, शिंग, डोळा," ती म्हणायची. "येवढं तीन जपायचं. ह्यातलं येक बी अधू झालं की जनावर चालत न्हाई. बाकी त्यो काय बी खाऊ दे." ईदेच्या डब्यातलं ती स्वतः खात नसे. आपण वाढवलेल्याचा घास घशाखाली कसा उतरायचा? पण डबा तिनं कधी परतही पाठवला नाही. तो शेजारच्या चंपामावशीकडं जायचा आणि चंपामावशी दुसऱ्या दिवशी तो चाटून पुसून आणून द्यायची.

यंदाचा बोकड काळाभोर होता, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव चांद्या. यंदा चाचांनी ईद जरा जास्तच मनावर घेतली होती. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली होती, पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं लागलं होतं, आणि त्यातून उठल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती चांद्याची.

आणि यंदा राखणीत आणखी एका जिवाची भर पडली. अंबाजीची मुलगी सृष्टी बी. कॉम. झाली होती आणि तिला लोणावळ्याच्या एका नव्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनची नोकरी हवी होती. पोरगी तशी बोलायला भारी. मराठीत गावात तिच्यासमोर कुणी टिकायचं नाही, पण इंग्रजी म्हटलं की दातखीळ बसायची. चाचांची सून तमन्ना लग्नाआधी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकवायची. चाचांनी एका रविवारी चहा पिता पिता निकाल लावून टाकला. "अंबाजीभाऊ, आमचं बोकड तुमच्याकडं, तुमची पोर आमच्याकडं. ईदेपर्यंत दोघंही तयार होतील." अंबाजी खो खो हसला. रतनबाईला मात्र ती तुलना फारशी आवडली नाही, पण तिनं चहात साखर जास्त घातली.

ठरल्याप्रमाणे सृष्टी दुपारी लोणावळ्याला जाऊ लागली. त्या वेळी पर्यटक जेवून हॉटेलात आडवे झालेले असतात आणि दुकानात माशाही कंटाळलेल्या असतात. तमन्नाभाभी तराजूमागं बसायची, सृष्टी चिक्कीच्या खोक्यांवर, आणि भाभीची सहा वर्षांची अम्मारा दोघींच्या मध्ये, चुरा खात. भाभीची शिकवण्याची तऱ्हा वेगळीच होती. मोठमोठे शब्द ती शिकवायचीच नाही. "मोठे शब्द सगळ्यांना येतात," ती म्हणायची. "माणूस आपटतो तो या चिल्लर शब्दांवर." एक क्रियापद घ्यायचं आणि ते पिळून कोरडं करायचं. 'गेट' झालं, 'टेक' झालं, मग आलं 'कीप'.

"धिस चिक्की विल कीप," भाभी गूळदाण्याचं पाकीट उचलून म्हणाली. "म्हणजे टिकेल. खराब होणार नाही."

"ती कुणाला ठेवणार आहे?"

"कुणाला नाही. ती स्वतःच राहणार आहे." मग तिनं एकेक काढायला सुरुवात केली. यू कीप अ गोट, तू बोकड पाळतेस. यू कीप अ प्रॉमिस, शब्द पाळतेस. गिऱ्हाईक म्हणेल कीप द चेंज, सुट्टे राहू दे. कीप द की, चावी तुमच्याकडं ठेवा. कीप क्वाएट, गप्प राहा. कीप गोइंग, चालत राहा, थांबू नको.

सृष्टीला या शब्दाची मजाच वाटली. आपल्याकडं पाळायचं ते वेगळं, राखायचं ते वेगळं, ठेवायचं, टिकायचं, सांभाळायचं, प्रत्येकाला आपापलं भांडं. आणि या लोकांनी आमटी, दूध, ताक सगळं एकाच पातेल्यात ओतलेलं. ती जीपमधून घरी येताना तोंडातल्या तोंडात वाक्यं घोळवायची आणि चांद्याला पाणी पाजताना त्याच्यावरच ती आजमावायची. "आय कीप यू," ती म्हणायची. चांद्या कान हलवायचा. इतका सज्जन विद्यार्थी भाभीलाही मिळाला नसेल.

चैत्र संपता संपता एका दुपारी हे सगळं बिनसलं.

रतनबाई कामशेतला एका हॉटेलच्या चादरी धुवायला गेली होती, अंबाजी धरणाकडच्या बंगल्यावर पहाऱ्याला. सृष्टी तयार होऊन निघणार, तर चांद्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळताना दिसलं. खळ्याकडच्या पेंढ्यात तोंड घातलं असणार, गव्हाचं कुसळ गेलेलं. कुंपणापलीकडून चंपामावशीनं पाहिलं.

"कोऱ्या तंबाखूचं पानी सोड दोन थेंब. सांजच्याला मोकळा व्हईल त्यो."

कोरी तंबाखू बापाच्या चंचीत होती आणि चंची वर खुंटीला, पाटावर चढून काढावी लागणार. खाली खिडकीत मात्र त्याची डबी पडली होती. अंबाजी पहाऱ्यावर चघळायला आधीच मळून ठेवायचा, ती तंबाखू. तेवढ्यात फाट्यावरून जीपचा हॉर्न आला. ही जीप गेली की पुढची कधी, ते जीपवाल्यालाही ठाऊक नसतं. सृष्टीनं डबी उघडली, चिमूट घेतली, वाटीत पाण्यात कालवली आणि चांद्याची मान दाबून ते पाणी त्याच्या डोळ्यात सोडलं.

कोरी म्हणजे चुना न लावलेली, हे तिला कळत नव्हतं असं अजिबात नाही. तंबाखू मळणाऱ्या बापाच्या मांडीवर वाढलेली पोर ती. चुना तिला दिसलाही होता, चिमटीत पांढरा लागलेला. एवढ्याशा चुन्यानं काय होतंय, असं म्हणून तिनं तो पाण्यात जाऊ दिला. चांद्या असा ओरडला की चंपामावशीच्या कोंबड्या उडाल्या. त्या क्षणी तांब्याभर पाणी त्याच्या डोळ्यावर ओतायला हवं होतं, तेही तिला कळत होतं. तिनं ओढणीच्या टोकानं त्याचा डोळा पुसला आणि ती जीपकडं पळाली.

दुकानात पोचायला तरीही उशीर झालाच. भाभीनं भुवया उंचावल्या. "व्हॉट केप्ट यू?"

सृष्टी बावचळली. "म्हणजे?"

"म्हणजे कशानं अडकलीस? उशीर का झाला? हाही कीपच."

"जीप," सृष्टी म्हणाली. आणि तिथून पुढं तिचं खोटं सुरू झालं.

संध्याकाळी ती आली तर डोळा सुजून बंद झाला होता. रतनबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, काडी लागली. "जप गं बाई, डोळा हाय त्यो," एवढं बोलून रतनबाई भाकऱ्यांना बसली. सूज उतरली. पण डोळा उघडला तेव्हा बुबुळावर निळसर साय आली होती, आणि हळूहळू ती साय पांढरी होत गेली. फूल पडलं. सृष्टीनं सुबाभळीचा डहाळा त्याच्या डाव्या बाजूला धरला. चांद्या समोर बघत उभा राहिला. तोच डहाळा तिनं उजवीकडं नेला, तर त्यानं लगेच मान वळवली.

कामशेतला जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टर आला असता, पण त्यानं पहिला प्रश्न विचारला असता की डोळ्यात काय घातलं होतं. त्या एका प्रश्नाला भिऊन सृष्टीनं डॉक्टरला बोलावलं नाही. तिनं चांद्याचा खुंटा उपटला आणि गोठ्याच्या पार टोकाला ठोकला, असा की त्याची डावी बाजू भिंतीला यावी. त्याचं वैरणपाणी तिनं दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही. आईबाप खूश. "पोरगी बोकडाला हात लावू देत न्हाई," अंबाजी गावभर सांगत सुटला. "कालिजात शिकली, पर जनावराची माया गेली न्हाई." हे ऐकलं की सृष्टी उठून उगाचच पाण्याची बादली भरायला जायची.

रविवारी चाचा आले. ऑपरेशननंतर ते सावकाश चालत, दम लागला की थांबत. गोठ्याशी येऊन त्यांनी पिशवीतून पाला काढला. सृष्टी चांद्याच्या डाव्या अंगाला बसली होती, त्याचं डोकं आपल्या छातीशी धरून. तिचा एक हात त्याच्या गालावरून डोळ्यावर गेला होता, लाड केल्यासारखा. चाचांनी उजवीकडून पाला भरवला, त्याची पाठ थोपटली, शिंगं चाचपली.

"इंग्रजी कुठवर आलं?"

"कीप चाललंय, चाचा."

"एखादं बोलून तरी दाखव. मला काही कळायचं नाही, पण ऐकतो."

सृष्टीच्या तोंडात जे घोळून घोळून तयार होतं, तेच बाहेर पडलं. "आय कीप हिम वेल, चाचा."

"म्हणजे?"

"मी त्याला नीट सांभाळते."

चाचांचा चेहरा असा उजळला की सृष्टीला बघवेना. त्यांनी ते वाक्य दोनतीनदा म्हणून पाहिलं, चुकतमाकत, चव घेतल्यासारखं. तिच्या तळहाताखाली चांद्याच्या डोळ्याची पापणी फडफडत होती. ती फडफड चाचा गेल्यावरही तिच्या हाताला कितीतरी वेळ जाणवत राहिली.

त्यानंतर दुकानात गेलं की तेच. चाचांनी ते वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवायला घेतलं होतं. "आमच्या बेडशाची पोर," ते लाडू बांधता बांधता सांगायचे, "आमच्या बोकडाबद्दल काय म्हणते माहितीये? आय कीप हिम वेल." गिऱ्हाइकं हसायची. सृष्टी खोक्यांवर बसून जमिनीकडं बघायची. आपण मराठीत खोटं बोललो असतो तर एव्हाना विसरलंही असतं, तिला वाटायचं. आता ते लोणावळाभर फिरतंय.

एकदा तिनं भाभीला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "भाभी, कुर्बानीच्या जनावरात ऐब असला आणि घरच्यांना माहीतच नसेल तर?"

भाभी वजनाचं माप पुसत होती. "नकळत झालं तर अल्लाह माफ करणारा आहे," ती म्हणाली. "पण कुणाला माहीत असेल आणि त्यानं सांगितलं नसेल, तर ते ज्याच्या त्याच्या मानेवर." मग तिनं वर पाहिलं. "का गं?"

"सहज."

मुलाखत झाली. रिसॉर्टच्या मॅनेजरबाई भाभीच्या ओळखीच्या, पण त्यांनी ओळख बाजूला ठेवून चांगलं खोदून विचारलं. पाहुणा चिडला तर काय म्हणाल? सामान ठेवून जातो म्हणाला तर? वुई विल कीप इट सेफ, सर. खोली तयार नसेल तर? सॉरी टू कीप यू वेटिंग, मॅम. सृष्टी कुठंच अडली नाही. ईदेनंतरच्या एक तारखेपासून कामावर ये म्हणाल्या. घरी रतनबाईनं शिरा केला. अंबाजीनं चांद्याला पहिला घास भरवला, उजवीकडून, कारण दुसरी बाजू भिंतीला होती. सृष्टीनं आपली बशी तशीच बाजूला सारली. नोकरीच्या आनंदानं भूक मेली असेल म्हणून कुणी आग्रह केला नाही.

ईदेला तीन दिवस उरले तेव्हा चाचांचा पुतण्या तौसिफ पिकअप घेऊन आला. शेवटचे दिवस बोकड घरी असावा, घरच्यांनी चारावा, अशी त्यांची पद्धत. तौसिफ कानाला फोन लावूनच उतरला आणि फोनवर बोलतच त्यानं गाडीचा मागचा फाळका पाडला. सृष्टीनं स्वतः चांद्याला चढवलं, डावी बाजू आतल्या पत्र्याकडं करून बांधलं. गाडी फाट्याला वळली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात पडला याचीच तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी भाभीचा फोन आला. आवाज बसलेला.

"सृष्टी, हे तुझ्या आईबाबांना सांगू नकोस, त्यांना उगाच वाईट वाटेल. चांद्याचा डोळा गेला. आमच्या अम्मारानं केलं. डहाळा भरवत होती, काडी डोळ्यात गेली असणार, तो ओरडून मागं सरला. आम्ही बघतो तर डोळा पांढरा."

सृष्टी भिंतीला टेकली. "अम्मारानं?"

"तीच म्हणते. रडून रडून तिला ताप भरलाय. जनावर तपासायला मशिदीतले एक जण आले होते, ते म्हणाले, फूल जुनं आहे, एका दिवसात असं पडत नाही. तर अब्बा त्यांच्यावर चिडले. अंबाजीच्या घरून ऐब येत नाही म्हणाले. चांगल्या माणसाशी वाकडं बोलून बसले. असू दे. दुसरा बोकड आणलाय आज बाजारातून. तू ये ईदेला."

फोन बंद झाला आणि सृष्टीला कळलं की ती सुटली आहे. आता कुणी कधीच काही विचारणार नव्हतं. अंबाजीच्या घराचं नाव शाबूत होतं, नोकरी होती, चांद्याच्या डोळ्याला जबाबदार सापडली होती, आणि अम्मारानं स्वतःच कबूल केलं होतं. गप्प राहायचं, बस्स. त्यालाही भाभीनं शब्द शिकवला होता. सृष्टी तशीच बसून राहिली. रतनबाई कामावरून आली, चूल पेटली, आणि जेवताना आई म्हणाली, "चांद्या गेल्यापासून गोठा कसा खायला उठतोय." त्यावर सृष्टीला हुंदका फुटला. आईला वाटलं लळा. तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

सकाळी सृष्टी लोणावळ्याला गेली. कामशेतहून लोकल पकडली, बसायला जागा असून ती दाराशी उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनाशी पक्कं केलं होतं, पण मळवली गेलं आणि एकेक वाक्य निसटायला लागलं.

दुकानात गर्दी होती. उन्हाळी सुट्टीची माणसं, बंगळूरकडचं एक कुटुंब, टोप्या, कॅमेरे. चाचा काऊंटरवर होते आणि तिला बघताच त्यांचा चेहरा खुलला, डोळ्यांखाली काळं आलेलं असूनही. "आली बघा. हीच ती. रिसॉर्टला लागली आता. सृष्टी, ते म्हण गं यांना. काय ते, आय कीप..."

माणसं हसून तिच्याकडं वळली. भाभी तराजूपाशी होती. सृष्टीनं तोंड उघडलं.

"आय डिड नॉट कीप हिम वेल, चाचा."

त्या बंगळूरकडच्या बाई नुसत्याच हसल्या, त्यांना संदर्भ लागला नाही. चाचांनी मात्र 'वेल' ओळखलं आणि खूश होऊन काऊंटरवर थाप मारली. "बघा, कसं फाडफाड बोलते." भाभीच्या हातातलं पाकीट तराजूत पडलं ते तसंच राहिलं. काटा हलत होता आणि ती सृष्टीकडं बघत होती.

सृष्टीला स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती. खरं बोलली होती, पण कुणाला? ज्याला सांगायचं त्याला ओ की ठो कळणार नाही अशा बोलीत. लपायला आणखी एक भिंत शोधली होती तिनं, आणि त्या भिंतीआडून बोलत होती.

"अब्बांना मराठीत सांग," भाभी हळू आवाजात म्हणाली. "पण आधी आत चल."

मागच्या दारी गुळाच्या भरल्या खोक्यांना दोन बोकड बांधले होते, एक नवा तांबडा आणि एक चांद्या. चांद्यासमोर अम्मारा बसली होती. डाव्या हातानं एकेक पान उचलून त्याला देत होती. उजवा हात तिनं फ्रॉकच्या खिशात खुपसला होता, मनगटापर्यंत.

"परवापासून असंच," भाभी म्हणाली. "जेवतही नाही त्या हातानं. म्हणते, या हातानं केलं."

सृष्टी तिच्याजवळ जमिनीवर बसली. मागं चाचांची पावलं वाजली. दुकान तौसिफवर सोडून ते काय झालं बघायला आले होते. आता आणखी थांबलं तर पुन्हा धीर होणार नाही हे तिला कळलं.

"अम्मारा, तू नाही केलंस. मी केलं. तिकडं, बेडशाला, लय दिवस झाले. त्याच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं आणि मी चुना लावलेली तंबाखू कालवून घातली. मला माहीत होतं त्यात चुना आहे. मला जीप गाठायची होती." तिनं चांद्याच्या डाव्या डोळ्याकडं बोट केलं. "मग सगळ्यांपासून लपवलं. चाचा आले तेव्हा मी डोळ्यावर हात ठेवला होता. तुझी काडी लागली तेव्हा त्या डोळ्याला दिसतच नव्हतं काही. तुझ्या हातानं काहीसुद्धा झालेलं नाही."

तांबडा बोकड खोक्याचा दोर चावत होता. अम्मारानं खिशातला हात हळूहळू बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि आईकडं वळली.

"मग आता या हातानं जेवू?"

भाभीनं तिला उचललं आणि ती आत गेली. सृष्टीकडं तिनं पाहिलं नाही.

चाचा एका खोक्यावर बसले. छातीवर हात ठेवून त्यांनी दम घेतला, तेव्हा सृष्टी घाबरून उठली, पण त्यांनी हातानंच तिला बस म्हटलं. मग त्यांनी वाकून चांद्याचा डावा डोळा जवळून पाहिला.

"त्या माणसाला मी काय काय बोललो," ते शेवटी म्हणाले. "त्याची माफी मागायला हवी आज." मग म्हणाले, "डोळ्याचं मला काही नाही, सृष्टी. जनावराला होतं. त्या दिवशी संध्याकाळी एक फोन केला असतास, तर मीच डॉक्टर घेऊन आलो असतो." त्यांनी तांबड्या बोकडाकडं मान वळवली. "उद्या हा द्यायचा. चांगला आहे, बेऐब आहे. पण याला मी वर्षात एकदासुद्धा चारलेलं नाही."

सृष्टीला रडूही आलं नाही. तिनं जमिनीवर पडलेली पानं गोळा करून चांद्यापुढं ठेवली. निघताना दारात भाभी भेटली तेव्हा सृष्टी म्हणाली की मी ती नोकरी नको म्हणून सांगते. भाभीनं मान हलवली. "नोकरी तुझ्या मेहनतीची आहे, ती सोडू नको," ती म्हणाली. "पण माझ्या पोरीनं दोन दिवस डाव्या हातानं खाल्लंय. ते मी इतक्यात विसरायची नाही."

घरी तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. आपण मार खाऊ असं तिला वाटत होतं, खरं तर तशी आशाच होती. अंबाजीनं हात उगारला नाही. त्यानं खिडकीतली डबी उचलली, तिच्यातली तंबाखू अंगणात झटकली आणि पायरीवर जाऊन बसला. "पोरीनं जीव लावला म्हून सांगत फिरलो मी," एवढंच तो बोलला. रतनबाई चुलीपाशी डोळ्याला पदर लावून होती. "कान, शिंग, डोळा," ती म्हणत होती. "तीनच तर व्हतं."

ईद झाली. चांद्या दुसऱ्या दिवशी तौसिफच्या पिकअपमधून परत आला. तिसरा दिवस उजाडला. रतनबाईनं करडं धुतली, अंगण सारवलं, पण कोण येणार हे तोंडानं कुणीच म्हणालं नाही. अंबाजी म्हणाला, "आता कशाला येत्यात ते." दुपार कलली तरी तो फाट्याकडंच बघत होता.

चाचा आले. हातात डबा, बोटाला अम्मारा. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली, डोळ्याचा विषय कुणी काढला नाही. मग चाचा उठून करडांमध्ये गेले, एक पांढरं करडू उचललं, त्याचे कान पाहिले, डोळे पाहिले. खिशातून हिरवा दोरा काढला. सृष्टी चांद्यापाशी उभी होती. दोरा आपल्याकडं येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तो आला नाही. चाचांनी तो रतनबाईच्या हातात दिला. बांधून झाल्यावर मात्र ते सृष्टीकडं वळले.

"याला काही झालं, तर त्याच दिवशी फोन. रात्र असो, दिवस असो. तू करायचा."

"करीन, चाचा," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली.

अम्मारा तोवर डहाळा घेऊन चांद्यासमोर बसली होती. उजव्या हातानं पानं भरवत होती आणि तो चवीनं खात होता. सृष्टी जवळ जाऊन उभी राहिली. पोरीनं वर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली, मोठ्या माणसानं लहानाला समजवावं तशी.

"दीदी, तिकडं नको उभी राहू. या बाजूला ये. तिकडून त्याला तू दिसत नाहीस."

सृष्टी वळसा घालून उजव्या अंगाला आली आणि खाली बसली. चांद्यानं चावता चावता मान वर केली आणि उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं.